काजूचं झाड तोडण्याआधी त्याची पालवी पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काजूच्या कोवळ्या कोंबांवरच्या ढेकण्या या किडीबद्दल आपल्या पत्रव्यवहारात अलीकडे दोन मतं छापून आली. एका बागायतदारांनी लिहिलं की संकरित कलमं आल्यापासून ढेकण्या माजला, पूर्वीच्या गावठी काजूला तो शिवतसुद्धा नव्हता, तेव्हा पुन्हा गावठीकडे वळा. त्यावर आलेल्या उत्तरात बरोबर उलटं म्हटलं होतं: बियांपासून वाढलेली जुनी झाडं हेच ढेकण्याचं घर, ती काढा आणि सगळीकडे एकाच जातीची कलमं लावा. दोन्ही पत्रं कळकळीने लिहिलेली आहेत. तरी ती वाचून मला काळजी वाटली, कारण काजी (काजूच्या बिया) गोळा करून संपल्या आहेत आणि पावसाआधी जुनी झाडं उतरवायची बोलणी आमच्या वाडीत सुरू झाली आहेत. कुऱ्हाड घालण्याआधी थोडं ऐकून घ्यावं, म्हणून हे लिहिते.

वेंगुर्ले तालुक्यात आमची काजूची बाग आहे आणि तिच्या कडेला मी एक लहान रोपवाटिका चालवते. मृदुकाष्ठ कलमं, म्हणजे कोवळ्या रोपावर बांधायची कलमं, मी स्वतः बांधते. कलमकाडी कुठल्या झाडावरून घ्यायची, डोळा फुगला आहे का, कोंब किती कोवळा आहे, हे पाहण्यात माझी निम्मी हयात गेली. ढेकण्यालाही तोच कोंब हवा असतो, त्यामुळे त्याची आणि माझी गाठ रोज पडते.

ज्यांनी हा किडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पत्रकांत ज्याला टी मॉस्किटो बग म्हणतात तो हाच. लांबी सहा-आठ मिलिमीटर, डोकं काळं, छाती तांबूस, आणि पाठीवर टाचणीसारखी उभी काडी. ती काडी दिसली की ओळख पक्की. सकाळी उन्हं वर येण्याआधी आणि पुन्हा संध्याकाळी तो कोवळ्या कोंबात, पानाच्या देठात, मोहोराच्या दांड्यात सोंड खुपसतो. सोंडेतून आत जाणारी लाळ विषारी असते. टोचलेल्या जागी आधी पाणी भरल्यासारखा डाग पडतो, मग तो काळा होतो, त्यातून डिंक पाझरतो, आणि डागाला डाग मिळाला की अख्खा कोंब करपतो. मोहोरावर बसला तर मोहोर जळतो, बारक्या बीवर बसला तर बी सुरकुतते. बंदोबस्त झाला नाही तर ३० ते ५० टक्के पीक जाऊ शकतं असं संशोधक सांगतात, आणि वाईट वर्षी बाग पाहिली की ते खोटं वाटत नाही.

मादी आपलं अंडं पानावर ठेवत नाही. कोवळ्या सालीच्या आत ते घुसवते, आणि बाहेर उरतात ते केसासारखे दोन तंतू. भिंग घेऊन पाहिलं तर दिसतात. आठवड्याभरात पिल्लू बाहेर येतं. त्याला पंख नसतात. आईने जिथे अंडं टोचलं तिथेच, फार तर शेजारच्या कोंबावर चालत जाऊन, त्याला आपलं पोट भरायचं असतं. म्हणून झाड निवडण्याचं काम आईवर येतं, आणि तिची निवड चुकली तर पिल्लं मरतात. झाडाझाडांवर बसणाऱ्या बहुतेक किड्यांची गोष्ट अशीच आहे. किडा आधी दुरून रंग पाहतो, हवेतला वास घेतो. जवळ आला की पायांनी आणि सोंडेच्या टोकाने चाचपतो: सालीवर मेण किती, लव किती, साल कितपत निबर झाली, आतला रस कसा, त्यात तुरटपणा किती. हे सगळं जमलं तरच टोचतो. एखादं झाड एका पंधरवड्यात त्याला हवंसं असतं आणि पुढच्या पंधरवड्यात पानं जून झाली की नकोसं होतं.

‘गावठी’ म्हणून आपण ज्याचा अभिमान धरतो तो काजू मुळात ब्राझीलकडचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेला. ढेकण्या मात्र इथला, दक्षिण भारत-श्रीलंकेकडचा. शास्त्रात त्याची नोंद १८५८ सालची आहे. तो कडुनिंबावर जगतो, शेवग्यावर जगतो, पेरूवर जगतो. परदेशातून आलेल्या झाडाचा कोंब त्याला चालला तर दोन काजूंच्या संकराचा कोंब चालणार नाही, किंवा फक्त तोच चालेल, असं मानायला काय आधार?

आणि संकरित म्हणजे तरी कोण, हे आमच्या वेंगुर्ल्यावरूनच पाहावं. इथलं फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचं, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली झालं त्याच्याही आधीचं. १९८१ साली तिथून वेंगुर्ला-४ बाहेर पडली. तिची आई मिदनापूर रेड, बंगालकडची, आणि बाप वेतोरे-५६. वेतोरे आमच्या तालुक्यातलंच गाव. वेंगुर्ला-३ मध्ये अणसूर-१ आणि वेतोरे-५६ हे दोन्ही पालक इथलेच. १९९७ साली आलेल्या वेंगुर्ला-७ मध्ये ही वेंगुर्ला-३ आहे आणि तामिळनाडूतली एम १०/४ आहे. दहा ग्रॅमच्या आसपास भरणारी तिची टपोरी बी सगळ्यांना ठाऊक आहे. वेतोऱ्याच्या आणि अणसूरच्या गावठी झाडांचं रक्त या संकरित कलमांत भरून आहे. तेव्हा ‘संकरित विरुद्ध गावठी’ हे भांडण एकाच घरातलं आहे.

माझी पुतणी कृषी शाखेत शिकली. ढेकण्यावरून माझी बडबड ऐकून तिने मला बाहेरच्या देशांतलं काही संशोधन समजावून सांगितलं. अमेरिकेत युटा राज्यात वेबर नावाची नदी आहे. तिच्या काठाने कॉटनवूड नावाच्या झाडाच्या दोन जाती वाढतात, एक सखल भागात, एक उंचावर, आणि मधल्या पट्ट्यात त्यांचा आपसूक संकर झालेला आहे. या झाडांच्या पानांवर गाठी करणारा एक मावा आहे. थॉमस व्हिटहॅम या शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं त्याच्यावर नजर ठेवली आणि १९८९ साली जे प्रसिद्ध केलं ते ऐकून मी खुरप्यावरचा हात थांबवला: एकूण माव्यापैकी ८५ ते १०० टक्के मावा संकराच्या पट्ट्यातल्या झाडांवर एकवटला होता, आणि ती झाडं एकूण झाडांच्या ३ टक्क्यांहूनही कमी होती. तो मावा डोळ्यांना जेमतेम दिसणारा, पण पानाच्या देठाजवळची मोक्याची जागा मिळावी म्हणून माद्या एकमेकींना तासन्‌तास ढकलत राहतात, हेही त्यांनीच आधी नोंदवलेलं. कारण मोठ्या पानाच्या बुडाशी जागा मिळाली तर पिल्लं जास्त होतात. एवढ्याशा जिवाची निवड इतकी बारीक.

आता एवढंच ऐकून कुणी म्हणेल, झालं की सिद्ध, संकरित झाडं किडीचं माहेरघर! पण न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विलो नावाच्या झाडाच्या दोन जाती आणि त्यांचा संकर यांच्यावरचे किडे पाहिले, तेव्हा प्रत्येक किड्याने वेगळं उत्तर दिलं. एखाद्या किड्याला संकरित झाड दोन्ही पालकांहून अधिक आवडलं. दुसऱ्याच्या लेखी ते दोघांच्या अधलंमधलं होतं. तिसऱ्याने ते एका पालकासारखंच धरलं, आणि दोन्ही पालकांपेक्षा संकरावरच किडा कमी, असंही या प्रकारच्या अभ्यासांत दिसून आलेलं आहे. झाड तेच, रस तोच. खाणारा बदलला की उत्तर बदलतं. टास्मानियात निलगिरीच्या दोन जातींच्या संकरपट्ट्यात चाळीस प्रकारचे कीटक आणि बुरशी तपासल्या, तर तिथे शुद्ध जातींपेक्षा जास्त प्रकारचे जीव सापडले. हे १९९४ साली प्रसिद्ध झालं. संकरित झाड म्हणजे एकाच किडीचं घर नव्हे, नाना प्रकारचे जीव तिथे येतात.

हे वाचताना दोन फरक ध्यानात ठेवायला हवेत. तिकडची झाडं दोन वेगळ्या जातकुळींची, आमचा संकर काजूतल्या काजूत. दुसरा फरक मला फार मोठा वाटतो आणि त्याबद्दल आपल्या दोन्ही पत्रलेखकांनी एक अक्षर लिहिलेलं नाही. नदीकाठचं प्रत्येक संकरित झाड वेगळं असतं. आमचं वेंगुर्ला-४ चं प्रत्येक कलम मात्र एकाच मातृवृक्षाची फांदी आहे. डोंगरभर पाचशे कलमं लावली तरी रसाने, सालीने, पालवीच्या वेळेने ते एकच झाड. ज्या दिवशी ते ढेकण्याला आवडेल त्या दिवशी पाचशेच्या पाचशे आवडतील; आईला निवडायला काही उरतच नाही, ती बसेल तिथे ताट वाढलेलं.

उलट बियांची बाग घ्या. माझ्या सासऱ्यांनी मांगराच्या (बागेतल्या शेतघराच्या) खालच्या अंगाला जी झाडं लावली ती ओळखीच्या एका बागेतल्या वेंगुर्ला-४ च्या बियांची. कलमं तेव्हा सहज मिळत नसत, मिळाली तर परवडत नसत. पुढे १९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि वरकस जमिनींवर काजू चढला. त्या लाटेतही कलमांच्या जोडीने बिया पुरणारे पुष्कळ होते. काजूचं परागीकरण किडेमाकोडे करतात, त्यामुळे वेंगुर्ला-४ च्या झाडाखाली पडलेल्या बीचा बाप शेजारचं कुठलंही झाड असू शकतं. त्या बियांतून जी झाडं उगवली ती संकराच्याही पुढची खिचडी. एकाचं बोंडू पिवळं तर शेजारच्याचं लालभडक, एकाची बी टपोरी तर दुसऱ्याची दाण्याएवढी. कृषी खात्याच्या हिशेबी ही बाग म्हणजे अनुत्पादक. ढेकण्याच्या निवडीचा अभ्यास करायचा असेल तर मात्र वेबर नदीच्या काठाशी आपल्याकडे सगळ्यात जवळची गोष्ट हीच.

मी त्या झाडांना चुन्याच्या खुणा करून ठेवल्या आहेत. विहिरीकडच्या एका झाडाला पाऊस उघडला की लगेच, ऑक्टोबरातच, लालसर पालवी फुटते. आसपास दुसरं काही कोवळं नसतं, त्यामुळे पहिला ढेकण्या दरवर्षी तिथेच दिसतो आणि कोंब काळे पडतात. त्याच्या शेजारी फांदीला फांदी लागेल एवढ्या अंतरावर दुसरं आहे. ते आळसावून उशिरा फुटतं, तेही सगळं एकदम, आणि बघता बघता पानं निबर करतं. तिथे डाग शोधावे लागतात. काजी वेचायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या आजींनी हे माझ्या आधी ओळखलं होतं. म्हणाल्या, “वयनी, ह्यां झाड उशिरा फुटता, तेका कायएक होणा नाय.” आणखी एक झाड बांधावर आहे. त्याच्यावर ढेकण्या येतो, टोचतो, कोंब मरतात, आणि झाड खालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटून मोहोर धरतं. वेचणी झाली की त्याच्या खालची टोपली इतरांइतकीच भरलेली.

ही तीन झाडं तीन वेगळ्या रीतींनी वागतात, आणि तिन्हींना आपण ‘कीड लागते’ किंवा ‘लागत नाही’ एवढ्या दोनच शब्दांत बसवतो. रेजिनाल्ड पेंटर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञांनी १९५१ सालीच हे वेगळं काढून दाखवलं होतं. काही झाडं किड्याला आवडतच नाहीत. काहींवर किडा बसतो पण त्याची पिल्लं नीट वाढत नाहीत. काही सगळं सोसूनही पीक देतात. वेळ चुकवून निसटणारी झाडं आणखी वेगळी. कर्नाटकात पुत्तूरच्या काजू संशोधन केंद्राने (आताचं काजू संशोधन संचालनालय) २००६ साली भास्करा ही जात दिली ती अशाच निसटण्यासाठी ओळखली जाते. ढेकण्याचा जोर असतो त्या काळात तिचा मोहोर सापडत नाही. आणि भास्करा आली कुठून, तर गोव्यातून गोळा केलेल्या झाडांतून. आमच्या तालुक्यातल्या रेडी गावापासून गोव्याची हद्द काही लांब नाही.

आंब्याकडे पाहिलं तरी हेच. फळमाशी मे उतरता उतरता वाढत जाते आणि पहिला पाऊस पडला की तिचा जोर होतो. हापूस वेळेवर उतरवला तर पुष्कळसा निसटतो. जूनपर्यंत झाडावर राहणारा नीलम तिच्या तावडीत सापडतो आणि आम्रपालीही सापडते. आम्रपाली दशहरी आणि नीलम यांच्या संकरातली, नीलम स्वतः संकरित नाही; माशीने दोघांना सारखंच धरलं, कारण त्या दिवसांत पिकलेलं फळ तेवढंच होतं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना आली, रत्ना आणि हापूस यांच्यातून सिंधू. दोन्हींत साका होत नाही म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो, ते रास्त आहे. पण साका हा फळाच्या आतला बिघाड आहे. तुडतुडे, फुलकिडे आणि फळमाशी यांना त्याच्याशी कर्तव्य नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक जात वेगळी तपासावी लागते.

माडावर २०१६ साली चक्राकार पांढरी माशी दक्षिणेत पोल्लाचीकडे आली आणि पुढे पसरली. केरळ-तामिळनाडूत ती उंच माडांपेक्षा ठेंगण्या जातींवर जास्त दिसली. त्या वेळी तिथल्या संशोधकांनी विषारी फवारे मारू नका, माशीच्या पिल्लांत अंडी घालणारी एक बारकी गांधीलमाशी आपोआप वाढते तिला जगू द्या, असं सांगितलं. ते मला मनापासून पटलं. कारण काजूतही एक राखणदार आहे आणि आपण त्याला विषाने मारतो.

तो म्हणजे हुमला. रत्नागिरीकडे ओंबील म्हणतात. पानं शिवून घरटं करणारा, चावला की आग आग करणारा तांबडा मुंगळा. वेचणाऱ्या बायका त्याच्यावर वैतागतात आणि गडी तर घरटी जाळायला निघतात. पण जुनी माणसं सांगत, “हुमले आसत त्या झाडार ढेकण्या ऱ्हवणा नाय.” ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात रेंकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी काजूच्या बागांत याच मुंगळ्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तिथला ढेकण्या आपल्या ढेकण्याचा जवळचा भाऊबंद. ज्या झाडांवर मुंगळ्यांचा राबता चांगला होता तिथे त्याचं नुकसान स्पष्ट कमी होतं. म्हणजे ढेकण्याची मादी झाड निवडते तेव्हा झाडाच्या रसाखेरीज तिथे पहारा कोणाचा आहे हेही मोजलं जातं. माझ्या खालच्या बागेत दाट, जुन्या, एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांवर हुमल्यांची घरटी भरपूर आहेत. वरच्या अंगाला सुटसुटीत ओळींत लावलेल्या कलमांवर ती कमी. मग वरची कलमं जास्त करपली तर दोष ‘संकरित’ या जातीचा की ओळीत एकटं उभं राहण्याचा? तुलना करायची तर दोन्ही गोष्टी वेगळ्या करून करायला हवी, आणि आपल्या पहिल्या पत्रलेखकांनी तसं केलेलं नाही. पूर्वीच्या बागेत ढेकण्या कमी दिसत असेल तर तिथे झाडं वेगवेगळी होती, फुटायच्या वेळा वेगवेगळ्या होत्या, हुमले होते आणि विषारी फवारणी नव्हती. यातलं सगळं श्रेय ‘गावठी’ या एका शब्दाला देता येणार नाही.

दुसऱ्या पत्रलेखकांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. लवकर फुटणारं माझं विहिरीकडचं झाड खरंच ढेकण्याचं पहिलं बिऱ्हाड आहे. पण म्हणूनच ते मला मोलाचं वाटतं. ढेकण्या बागेत कधी आला हे मला त्या झाडावरून कळतं, आणि पहिली फवारणी त्या एका-दोन झाडांपुरती केली की पुढचं पुष्कळ काम वाचतं. ते झाड तोडलं तर ढेकण्या उपाशी मरणार नाही, तो कलमांवर जाईल, आणि ते मला चार दिवस उशिराने समजेल. शिवाय त्याच्याबरोबर उशिरा फुटणारं झाडही जाईल, कारण तोडणारा माणूस दोघांत फरक करत नाही. त्याच्या कागदावर दोन्ही ‘बियांची जुनी झाडं’.

गेल्या हंगामात औषधांच्या दुकानातून एक गृहस्थ वाडीत आले आणि सगळ्यांना एकच तारीख देऊन गेले: या दिवशी पहिला हात, त्या दिवशी दुसरा, मग तिसरा. पालवीवर, मोहोरावर आणि फळधारणेच्या वेळी अशी तीन फवारण्यांची शिफारस आहे, हे खरं. पण पालवी झाडाची पाहायची असते, भिंतीवरच्या कॅलेंडरची नाही. ज्यांनी तारीख पाळली त्यांच्यापैकी काहींच्या बागेत तोवर कोंबच फुटले नव्हते, काहींच्या बागेत ऐन मोहोर होता आणि मधमाश्या कामावर होत्या. काजूच्या एका तुऱ्यात नरफुलं ढिगाने आणि बी धरणारी फुलं थोडीच असतात. परागकण पोचवणारे किडे मारले तर ढेकण्यापासून वाचलेला मोहोरही वांझ जातो. बाया-माणसांच्या अंगावर ते विष उडतं हे तर कुणी मोजतही नाही. पंप पाठीवर घेणाऱ्या गड्यांच्या डोळ्यांची आग मी पाहिलेली आहे.

मला मागायचं आहे ते फार खर्चाचं नाही. जुन्या बागा काढून नवी लागवड करायची कुठलीही योजना असो, तिच्यात तोडायच्या झाडांची यादी उन्हाळ्यात करू नये. उन्हाळ्यात सगळी झाडं सारखीच दिसतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात कृषी सहाय्यकांनी मालकाबरोबर एकदा बागेतून फिरावं, कोणतं झाड कधी फुटलं, कोणत्यावर किती कोंब काळे, कोणत्यावर हुमले, एवढं वहीत टिपावं, आणि मगच खुणा कराव्यात. स्वच्छ राहिलेल्या आणि बरी बी देणाऱ्या झाडाची कलमकाडी घेऊन वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात द्यावी. वेतोरे-५६ आणि अणसूर-१ यांची सुरुवात अशीच झाली आहे. कुणीतरी गावातल्या एका झाडापुढे थांबून त्याच्याकडे नीट पाहिलं म्हणून.

रोपवाटिकांनी, यात मी स्वतःही आले, कलम विकताना बीचं वजन आणि गराचा उतारा सांगतो तसंच या भागात त्या जातीला पालवी कधी येते, मोहोर कधी, आणि कोणती कीड तिच्यावर जास्त बसते हे पाटीवर लिहावं. माझ्याकडची पाटी मी या हंगामात लावते आहे. आणि गिऱ्हाईक एकाच जातीची सगळी कलमं मागायला आलं तर निदान तीन जाती मिसळून न्या असं त्याला सांगते. काही रागावतात, उतरणी एकदम झाली तर मजुरी वाचते म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे, माणसं मिळत नाहीत हे मलाही रोज जाणवतं. तरीसुद्धा डोंगरभर एकच झाड लावायला माझं मन धजत नाही.

आमच्या वाडीतल्या मंडळींना मी एवढंच विनवलं आहे की पावसाआधी कुऱ्हाड लावू नका, पाऊस उघडेपर्यंत थांबा. पहिली पालवी फुटली की ज्याला पाहायचं असेल त्याने सकाळी लवकर आमच्या खालच्या बागेत यावं. भिंग मी देईन, चुन्याच्या खुणा केलेली झाडं दाखवीन. कृषी सहाय्यक आले, केंद्रातले शास्त्रज्ञ आले तर उत्तमच. आपण हे पत्र छापलंत तर इतर तालुक्यांतही एखाद-दुसरी तोड लांबणीवर पडेल, म्हणून जागा द्यावी ही विनंती.

आपली,
एक काजू बागायतदार
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग